चौसष्ट फेज शिफ्टर नकोत: परवडणारा फेज्ड अ‍ॅरे कसा आखावा

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापूरजवळ गोकुळ शिरगावला एक छोटं इलेक्ट्रॉनिक्स युनिट आहे. पुराच्या दिवसांत मोबाइल टॉवर बंद पडले तरी बचावाच्या बोटींशी डेटा लिंक चालू राहावी, म्हणून त्यांना पन्हाळ्याच्या कड्यावर फेज्ड अ‍ॅरे बसवायचा आहे. फेज्ड अ‍ॅरे म्हणजे अनेक लहान अँटेनांची मांडणी; प्रत्येकीच्या लहरीचा टप्पा, म्हणजे फेज, कमी-जास्त केला की अँटेना न हलवता तिचा झोत, म्हणजे बीम, हवा तिकडे वळतो. प्रयाग चिखली, आंबेवाडी ते कोल्हापूर शहराच्या खालच्या अंगाचा पट्टा गडावरून साधारण नव्वद अंशांत बसतो आणि लांबची बोट २० किलोमीटरवर असेल. आराखडा ८ × ८ म्हणजे ६४ एलिमेंटचा (एलिमेंट म्हणजे एकेक लहान अँटेना), १० गिगाहर्ट्झचा, प्रत्येक एलिमेंटला फेज बदलणारा स्वतंत्र डिजिटल फेज शिफ्टर असा आहे. कोटेशन आल्यावर काम थांबलं. ‘स्वस्त चिप कुठली मिळेल?’ असं त्यांनी विचारलं आहे.

चिप शोधण्याआधी आराखडा बदला. फेज्ड अ‍ॅरेची किंमत एलिमेंटवर ठरत नाही, ती नियंत्रित चॅनेलच्या संख्येवर ठरते. इथला एलिमेंट म्हणजे एक पॅच, नुसता पत्र्याचा तुकडा. पण त्या पॅचला स्वतःचा फेज शिफ्टर दिला की त्याच्या मागे अ‍ॅम्प्लिफायर, अ‍ॅटेन्युएटर, सप्लाय, कंट्रोलच्या तारा, कनेक्टर आणि शेवटी कॅलिब्रेशन असं सगळं लटांबर येतं. चिप निम्म्या किमतीत मिळाली तरी हे लटांबर चौसष्ट पटच राहतं. म्हणून पहिला प्रश्न हा विचारायचा की यातल्या किती एलिमेंटना नियंत्रणाची गरजच नाही. तुमच्या कामात उत्तर ‘जवळजवळ सगळ्यांना’ असं येतं. ते कसं, हे पायरी पायरीने पाहू.

आधी फ्रिक्वेन्सी. १० गिगाहर्ट्झला पॅनेल लहान होतं हे खरं. तरंगलांबी ३ सेंटिमीटर, अर्धी तरंगलांबी दीड सेंटिमीटर, सगळा अ‍ॅरे तळहातावर मावतो. पण तुमची लिंक चालायची आहे ऐन धो-धो पावसात. १० गिगाहर्ट्झला मुसळधार पाऊस दर किलोमीटरला एक-दीड डेसिबल खातो. वीस किलोमीटरच्या वाटेत थोड्या भागावर जरी तसा पाऊस असला तरी हिशेब कोलमडतो. २.४ गिगाहर्ट्झला पावसाचा तोटा विचारात घ्यायचीही गरज नाही. शिवाय दहा गिगाहर्ट्झला एफआर-४, म्हणजे छापील सर्किटचा नेहमीचा स्वस्त बोर्ड, जवळपास निरुपयोगी ठरतो आणि कनेक्टरपासून मोजणीच्या यंत्रापर्यंत सगळंच महाग होतं. पॅनेल साठ सेंटिमीटरचं झालं तर गडावर जागेची अडचण नाही. २.४ च्या पट्ट्यात या. त्यातही वरच्या टोकाला, २.४४ ते २.४८ गिगाहर्ट्झच्या आसपास राहा. कारण पुढे येईल.

आता उभी दिशा. गडाचा कडा नदीकाठापेक्षा साधारण ३०० मीटर उंच धरून चालू. वीस किलोमीटरवरची बोट क्षितिजाखाली ०.९ अंशावर दिसते, पाच किलोमीटरवरची ३.४ अंशांवर. म्हणजे सगळ्या बोटी उभ्या दिशेत अडीच अंशांत आल्या! आठ पॅचच्या उभ्या रांगेचा बीम सुमारे अकरा अंश रुंद असतो. तो दोन अंश खाली झुकवून पॅनेल कायमचं बोल्टने घट्ट केलं की उभ्या दिशेत बीम हलवण्याचं काम संपलं. प्रत्येक रांगेतले आठही पॅच एका साध्या पॉवर डिव्हायडरने जोडा. चौसष्टाचे आठ चॅनेल झाले, आणि यात तुम्ही काहीही गमावलं नाही, कारण ती हालचाल तुम्हाला कधी लागणारच नव्हती.

डोंगराकडून काम करून घ्यायची ही कल्पना आपल्याकडे मोठ्या प्रमाणावर यशस्वी झालेली आहे. रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी १९७० मध्ये उभी केलेली उटीची रेडिओ दुर्बीण ५३० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद आहे. ती त्यांनी अशा उतारावर बसवली की उताराचा कोन त्या ठिकाणच्या अक्षांशाइतका, म्हणजे सुमारे ११ अंश आहे. त्यामुळे दुर्बिणीचा लांबीचा अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर झाला आणि आकाशातल्या स्रोताचा पूर्व-पश्चिम पाठलाग एकाच साध्या फिरकीने होऊ लागला. उत्तर-दक्षिण दिशेसाठी मात्र १०५६ डायपोलची, म्हणजे साध्या दांड्याच्या अँटेनांची, रांग फेज बदलून वळवली. जे जमिनीचा उतार करतो त्याला मोटर लावली नाही, आणि जे मोटरने सोपं होतं त्याला इलेक्ट्रॉनिक्स लावलं नाही. पुढे खोडद परिसरात जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटरच्या तीस डिश बांधतानाही भरीव पत्र्याऐवजी तारांवर ताणलेली जाळी वापरली, कारण त्या तरंगलांबीला जाळी पुरते. परवडणारं डिझाइन म्हणजे काय, हे मला कुणी विचारलं तर मी आधी ही दोन ठिकाणं पाहून यायला सांगतो.

आडव्या दिशेत तुम्हाला दोन्ही बाजूंना ४५ अंश वळायचं आहे. दोन रांगांमधलं अंतर किती ठेवायचं, याचं गणित इथून निघतं. अंतर फार वाढलं तर मुख्य बीमसारखाच दुसरा बीम भलत्या दिशेला उभा राहतो; त्यालाच ग्रेटिंग लोब म्हणतात. तो टाळायचा तर अंतर, तरंगलांबी भागिले (१ अधिक कमाल कोनाचा साइन) यापेक्षा कमी हवं. ४५ अंशांसाठी हे ०.५८६ तरंगलांबी येतं. बहुतेक जण डोळे झाकून अर्धी तरंगलांबी घेतात. पण तेवढी दाटी तुम्हाला नको: ०.५८ घ्या, २.४६ गिगाहर्ट्झला ७.१ सेंटिमीटर. तेवढ्याच रांगांत पॅनेल थोडं रुंद होतं, बीम अरुंद होतो, शेजारच्या पॅचची एकमेकांत होणारी लुडबुडही कमी होते. आठ रांगांचा बीम समोर सुमारे ११ अंश रुंद येईल, बाजूला वळवल्यावर थोडा पसरेल.

आता तुमच्या अर्ध्या खर्चाला कात्री लावणारा मुद्दा. या पट्ट्यात परवान्याविना प्रसारण करता येतं, पण मर्यादा आहे. २००५ च्या केंद्र सरकारच्या अधिसूचनेप्रमाणे २.४ ते २.४८३५ गिगाहर्ट्झमध्ये अँटेनाच्या गेनसकट (गेन म्हणजे सिग्नल एका दिशेला एकवटण्याची ताकद) एकूण ४ वॉट, म्हणजे ३६ डीबीएम. डीबीएम हे एक मिलिवॉटच्या तुलनेत पॉवरचं डेसिबलमधलं माप, डीबीआय हे गेनचं. (उपकरणाची मान्यता आणि आजचे नियम वायरलेस नियोजन शाखेकडून लेखी तपासून घ्या; सरकारी यंत्रणेसाठी काम करणार असाल तर हे आधीच करा.) या मर्यादेत अँटेनाचा गेन धरलेला आहे हे महत्त्वाचं. तुमच्या ६४ पॅचच्या अ‍ॅरेचा गेन सगळे तोटे वजा जाता २२ डीबीआयच्या आसपास येईल. मग त्यात तुम्ही फक्त १४ डीबीएम, म्हणजे २५ मिलिवॉट सोडू शकता. बाजारात मिळणाऱ्या नव्वद अंशांच्या, १६ डीबीआयच्या सेक्टर अँटेनात १०० मिलिवॉट सोडले तरी तेच ३६ डीबीएम होतात, आणि तेही सगळ्या पट्ट्यात एकाच वेळी. म्हणजे बोटीपर्यंत पोहोचणाऱ्या सिग्नलला अरुंद बीमचा काडीचाही फायदा नाही. प्रसारणासाठी एक तयार सेक्टर अँटेना लावा आणि अ‍ॅरे फक्त ऐकण्यासाठी बांधा. प्रत्येक चॅनेलमधला पॉवर अ‍ॅम्प्लिफायर, प्रसारण-ग्रहणाचा स्विच, त्यांचं टायमिंग, सगळं यादीतून गेलं.

मग अ‍ॅरे हवाच कशाला, असं विचाराल. आकडे मांडू. २० किलोमीटरला मोकळ्या हवेतला तोटा १२६ डेसिबल. बोटीवर १०० मिलिवॉटचा रेडिओ आणि ५ डीबीआयची साधी उभी अँटेना धरली तर गडावरच्या सेक्टर अँटेनात उणे ८५ डीबीएम येतात, अ‍ॅरेत उणे ७९. दहा मेगाहर्ट्झच्या चॅनेलला रिसीव्हरचा स्वतःचा आवाज उणे ९९ च्या आसपास असतो. नुसता सहा डेसिबलचा फायदा पाहिला तर एवढा खटाटोप करावा असं वाटणार नाही. पण पन्हाळ्याच्या कड्यावरून अर्धं शहर दिसतं, म्हणजे त्या शहरातले सगळे वाय-फाय राउटरही दिसतात. सेक्टर अँटेना तो सगळा कल्ला एकदम गोळा करते आणि उणे ९९ चा हिशेब कागदावरच राहतो. अकरा अंशांचा बीम त्यातला फक्त आपल्या दिशेचा भाग घेतो. शहराच्या उजवीकडे-डावीकडे, शेतात पसरलेल्या पाण्यावरच्या बोटी तर एकदम स्वच्छ ऐकू येतात. तुमच्या कामात अ‍ॅरेची खरी कमाई ही आहे, आणि डिझाइनचे बाकीचे निर्णय तिच्याकडे बघूनच घ्यावे लागतात.

त्या कमाईवर पाणी पडू शकतं ते शेजारच्या टॉवरमुळे. आपल्याकडे २३०० ते २४०० मेगाहर्ट्झमध्ये मोबाइलची फोर-जी सेवा चालते, तुमच्या पट्ट्याच्या अगदी खेटून. गडावर किंवा जवळ तसा टॉवर असेल आणि तुमचा लो-नॉइज अ‍ॅम्प्लिफायर, म्हणजे एलएनए, उघडा असेल, तर तो त्या सिग्नलनेच भरून जाईल आणि बोटीचा क्षीण आवाज ऐकूच येणार नाही. म्हणून २.४४ च्या वर राहायला सांगितलं: फिल्टरला उतरायला चाळीस मेगाहर्ट्झची जागा मिळते. हा फिल्टर प्रत्येक रांगेला एक, एलएनएच्या आधी, आणि कमी तोट्याचा हवा. म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या ठोकळ्यात कोरलेला कॅव्हिटी फिल्टर. आयात केला तर आठ नग जड पडतात. पण हे काम म्हणजे खिसे कोरलेला ठोकळा, आत उभे दांडे, वर ट्यूनिंगचे स्क्रू आणि झाकण. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या कुठल्याही चांगल्या व्हीएमसीवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मिलिंग यंत्रावर, होणारं. इंजिनांचे आणि पंपांचे भाग शतांश मिलिमीटरात काढणाऱ्या माणसाला हे ड्रॉइंग दिलं तर तो दुसऱ्या दिवशी नमुना हातात ठेवतो. एक ठोकळा करून घ्या, ट्यून करा, मग उरलेले सात. ट्यूनिंगला स्वस्तातलं, तीन गिगाहर्ट्झपर्यंत जाणारं नॅनोव्हीएनए हे मोजणीचं छोटं यंत्र पुरतं.

पैसे कुठे घालायचे आणि कुठे वाचवायचे, याची एक सरळ रेघ आहे: एलएनए. त्याच्या आधी जितका तोटा होईल तितका जसाच्या तसा तुमच्या ऐकण्याच्या ताकदीतून वजा होतो. त्याच्या नंतर, अ‍ॅम्प्लिफायरने अठरा-वीस डेसिबल वाढवून दिल्यावर, तीन डेसिबल गेले तरी फारसं कळत नाही. एफआर-४ वर २.४ गिगाहर्ट्झला दर सेंटिमीटरला साधारण ०.०८ डेसिबल जातात. आठ पॅचचा डिव्हायडर एफआर-४ वर केला तर तीस सेंटिमीटरच्या वाटेत अडीच डेसिबल गेले, म्हणजे चौसष्ट पॅच लावून पस्तीस-छत्तीस पॅचचं काम झालं. तिथे कमी तोट्याचं लॅमिनेट घ्या, रॉजर्स ४००३ सारखं. पट्टी अरुंद असते, खर्च हाताबाहेर जात नाही. एलएनएच्या मागचं सगळं, कंट्रोल बोर्डासकट, बिनधास्त एफआर-४ वर.

आता बीम वळवायचा कसा? आठ चॅनेल उरलेत, आठ फेज शिफ्टर लावता येतील. तसं करायचं तर सहा-सात बिटांच्या मागे लागू नका. तीन बिटांच्या, म्हणजे ४५ अंशांच्या पायऱ्यांनी गेनमध्ये फक्त ०.२३ डेसिबलची घट येते, चार बिटांनी ०.०६ ची. वाय-फाय राउटरसाठी लाखोंनी बनणारे, दोनपैकी एक वाट निवडणारे एसपीडीटी स्विच आणि एफआर-४ वर कोरलेल्या कमी-जास्त लांबीच्या वाटा वापरून तीन बिटांचा शिफ्टर घरच्या घरी होतो.

पण माझं मत इथे वेगळं आहे. तुमचा बीम अकरा अंशांचा, पट्टा नव्वद अंशांचा. तुम्हाला सगळ्या मिळून आठच दिशा लागतात. ठरलेल्या आठ दिशांना एकही फेज शिफ्टर लागत नाही, बटलर मॅट्रिक्स पुरते. १९६१ मध्ये जेसी बटलर आणि राल्फ लोव यांनी मांडलेली ही जुनी जोडणी आहे: आठ बाय आठसाठी बारा हायब्रिड (दोन सिग्नल ठरलेल्या फेजने मिसळून दोन वाटांत वाटणारे जोड), आठ ठरावीक लांबीच्या वाटा, बस. सगळं तांब्याच्या नक्षीत, एकही चिप नाही, वीज नाही, सॉफ्टवेअर नाही. एका बाजूने आठ रांगा आत, दुसऱ्या बाजूने आठ बीम बाहेर. ०.५८ अंतरावर हे बीम समोरच्या रेषेपासून दोन्हीकडे सुमारे ६, १९, ३३ आणि ४९ अंशांवर येतात. तुमचा पट्टा जसाच्या तसा झाकला गेला. आणि फेज शिफ्टरच्या अ‍ॅरेत एका वेळी एकच बीम मिळतो, इथे आठही एकाच वेळी मिळतात. बोट शोधत बसायला नको: आठ दारांवर आठ साधे रिसीव्हर लावा, ज्याला सगळ्यात चांगलं ऐकू येतंय त्याचा डेटा घ्या. त्या रिसीव्हरचं घड्याळ एकमेकांशी जुळलेलं असण्याचीही गरज नाही, कारण फेजचं सगळं काम त्यांच्या आधीच होऊन गेलेलं असतं. मॅट्रिक्सचे दोन-अडीच डेसिबल जातात, पण ते एलएनएच्या मागे.

दोन उणिवा सांगून ठेवतो. शेजारच्या दोन बीमच्या बरोबर मधोमध बोट असेल तेव्हा जवळजवळ चार डेसिबल कमी मिळतात. आणि अगदी कडेच्या ४९ अंशांच्या बीमला पलीकडच्या बाजूला, ७६ अंशांजवळ, ग्रेटिंग लोब डोकावतो. पॅच त्या दिशेला मुळात कमी ऐकतो म्हणून तो दबलेला असतो, पण त्या बाजूला मोबाइल टॉवर नाही ना एवढं पाहून पॅनेलचं तोंड ठरवा. या दोन्ही गोष्टी तुमच्या लिंकला सहन होणाऱ्या आहेत.

पॅच बनवण्याबद्दल थोडं सविस्तर, कारण यात कोल्हापूरच्या माणसाला फार चांगली सोय आहे. बोर्डावर छापलेला पॅच विसरा. एफआर-४ वरच्या पॅचमध्ये मोठा वाटा उष्णतेत जातो. त्याऐवजी दोन मिलिमीटर जाडीच्या अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यातून सुमारे ५४ मिलिमीटरचे चौकोन लेझरने कापा आणि मागच्या पत्र्यापासून ५ मिलिमीटर हवेत उभे करा. उभे कशावर करायचे? सरळ धातूच्या स्पेसरवर, मधोमध. पॅचच्या बरोबर मध्यावर विद्युतक्षेत्र शून्य असतं, त्यामुळे तिथे धातूचा बोल्ट मारून पॅच जमिनीला जोडला तरी अँटेनाच्या वागण्यात फरक पडत नाही. प्लॅस्टिकचे आधार उन्हाने ठिसूळ होतात, हा बोल्ट वर्षानुवर्षं राहतो. आणि गडावर वीज कडाडते तेव्हा प्रत्येक पॅच थेट जमिनीला जोडलेला असतो. साठलेला स्थिर विद्युतभार एलएनएमधून न जाता बोल्टातून उतरतो. लेझर कटिंगला ०.१ मिलिमीटरचा फरक आला तर फ्रिक्वेन्सी चार-पाच मेगाहर्ट्झ सरकते, ते चालतं. उंचीत मात्र सगळे स्पेसर एका मापाचे हवेत. ते लेथवर एकाच सेटिंगमध्ये काढून घ्या. हाताने घासून जुळवलेले नकोत.

आठ रांगांच्या दोन्ही टोकांना एकेक बिनकामाची रांग लावा, ५० ओहमच्या लोडने बंद केलेली. पत्र्याचा खर्च किरकोळ. पण त्यामुळे टोकाच्या खऱ्या रांगेलाही दोन्हीकडे शेजारी मिळतो आणि आठही रांगा सारख्या वागतात. हे न केलेले अ‍ॅरे मी पुष्कळ पाहिलेत. टोकाच्या दोन रांगा भलत्याच फेजला असतात आणि लोक चिपला दोष देत बसतात.

फेजच्या चुकीला मात्र उगाच घाबरू नका. सगळ्या चॅनेलमध्ये मिळून सरासरी १० अंशांची चूक राहिली तर गेन ०.१३ डेसिबलने घटतो. २० अंशांची राहिली तर अर्ध्या डेसिबलने. आठ रांगांच्या अ‍ॅरेचे बाजूचे लोब तसेही उणे १३ डेसिबलला असतात. दहा अंशांच्या चुकीने येणारा कचरा त्याच्याही खूप खाली, उणे २४ च्या आसपास राहतो. दहा अंश म्हणजे केबलमध्ये किती? टेफ्लॉनच्या केबलमध्ये एका मिलिमीटरला सव्वाचार अंश. म्हणजे दोन-अडीच मिलिमीटर. केबल मोजून कापणाऱ्या माणसाला हे अवघड नाही. स्वस्त कनेक्टरचा आणि एका नगापासून दुसऱ्या नगापर्यंत बदलणाऱ्या एलएनएचा फरक मात्र याहून मोठा असू शकतो, तो मोजूनच काढावा लागतो.

आणि इथे एक, फक्त एक, चांगला फेज शिफ्टर विकत घ्या. हाताने सरकवायचा, मापपट्टी असलेला. पॅनेल सुमारे १२ मीटरवरच्या एका छोट्या ट्रान्समीटरकडे तोंड करून उभं करा. ६० सेंटिमीटरच्या पॅनेलला एवढं अंतर पुरतं. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत माप धरलं तरी लागणारं अंतर बारा मीटरच्या आतच येतं. दोन्ही गोष्टी जमिनीपासून तीन-चार मीटर वर असू द्या. दोन इमारतींच्या गच्च्या सगळ्यांत उत्तम. ट्रान्समीटर अर्धा मीटर वर-खाली करून पाहा. वाचन एका डेसिबलहून जास्त हललं तर कुठून तरी परावर्तन येतंय, जागा बदला. मग चौथी रांग संदर्भ म्हणून धरा, तिचा आउटपुट कंबाइनरच्या, म्हणजे दोन सिग्नल एकत्र करणाऱ्या जोडाच्या, एका तोंडात. दुसऱ्या तोंडात पहिली रांग, मध्ये तो शिफ्टर. बाकीच्या सगळ्या रांगांवर ५० ओहमचे लोड. आता शिफ्टर हळूहळू सरकवा आणि आउटपुट कमीत कमी कुठे होतं ते बघा. जास्तीत जास्त शोधू नका. तिथे पठार असतं आणि दहा-पंधरा अंशांत काही कळत नाही. दोन सिग्नल एकमेकांना मारतात ती जागा मात्र अगदी धारदार असते, एखाद्या अंशात सापडते. पट्टीवरचा आकडा लिहा, पुढची रांग लावा. सगळ्या आकड्यांमधला फरक हाच केबलमध्ये कापायचा किंवा वाढवायचा फरक. यासाठी फेज मोजणारं महागडं यंत्र लागत नाही, फक्त पातळी दाखवणारा मीटर. पुढे कधी इलेक्ट्रॉनिक शिफ्टर लावलेत तर मानो आणि कातागी यांनी १९८२ मध्ये मांडलेली पद्धत याच जातीची आहे: एका वेळी एकाच एलिमेंटचा फेज पूर्ण फिरवायचा आणि एकूण पॉवर कशी वर-खाली होते त्यावरून त्या एलिमेंटचा हिशेब काढायचा.

पाऊस-वाऱ्याबद्दल दोनच गोष्टी. पॅचच्या समोरचं झाकण पॅचला टेकू देऊ नका, किमान तीन-चार सेंटिमीटर पुढे ठेवा, आणि ते वरून पुढे झुकलेलं ठेवा म्हणजे पाणी ओघळून जाईल. पाण्याचा पातळ थरही पॅचच्या जवळ असेल तर फ्रिक्वेन्सी सरकवतो. झाकणाला काळा रंग देऊ नका. कार्बन असलेला रंग सिग्नल खातो. आणि पेटी खालून पूर्ण बंद न करता बारीक जाळी लावलेलं भोक ठेवा. गडावरच्या धुक्यात हवाबंद पेटीत पाणी साचतं, श्वास घेणाऱ्या पेटीत वाळतं.

एकदम आठ रांगांवर जाण्याआधी हात बसवायचा असेल तर ८६५ मेगाहर्ट्झच्या परवानामुक्त पट्ट्यात चार-पाच अँटेनांची रांग करून पाहा. तिथे अर्धी तरंगलांबी १७ सेंटिमीटर, चुका डोळ्यांना दिसतात. एकाच घड्याळावर चालणारे पाच चॅनेलचे आरटीएल-एसडीआर, म्हणजे संगणकाला जोडायचे स्वस्त, रिसीव्हर तयार मिळतात. घड्याळ एक असलं तरी प्रत्येक ट्यूनर सुरू होताना वेगळ्याच फेजला लॉक होतो, म्हणून त्यात सगळ्या चॅनेलना एकच नॉइज देऊन जुळवून घ्यायची सोय असते. ती काय करते हे नीट समजून घ्या. गणित तरंगलांबी बदलली तरी तेच राहतं. आपल्या शिवाजी विद्यापीठाच्या आवारात भारतीय भूचुंबकत्व संस्थेने १.९८ मेगाहर्ट्झचा रडार उभारला, तिथली तरंगलांबी दीडशे मीटर. अंतरावर उभ्या केलेल्या अँटेनांमध्ये पोहोचणाऱ्या प्रतिध्वनींची तुलना करून ऐंशी-नव्वद किलोमीटर उंचीवरचा वारा त्यावर मोजला गेला. विद्यार्थ्यांना मी या रडारबद्दल आवर्जून सांगतो.

शेवटचा मुद्दा अ‍ॅरेबाहेरचा आहे, पण याचा विचार झाला नाही तर वरचं सगळं करूनही लिंक तुटेल. पुराचं पाणी शेतांवर पसरतं तेव्हा ते संथ असतं, आणि इतक्या कमी कोनातून पाहिलं तर लहानसहान लाटांसकट ते पाणी २.४ गिगाहर्ट्झला आरशासारखं असतं. बोटीचा सिग्नल गडावर दोन वाटांनी येतो: थेट, आणि पाण्यावरून. पाण्यावरून परतताना लहर उलटी होते, म्हणून दोन वाटांच्या लांबीतला फरक पूर्ण एक तरंगलांबी झाला की दोन्ही एकमेकांना मारतात. ३०० मीटरच्या कड्यासाठी दहा किलोमीटरवर हे घडतं बोटीवरची अँटेना पाण्यापासून दोन मीटर उंच असेल तेव्हा. पाच किलोमीटरवर एक मीटरला आणि परत दोन मीटरला. म्हणजे काठीवर दोन मीटरवर अँटेना बांधली, जी कुणीही बांधेल, तर ती बरोबर या दोन अंतरांवर मुकी होते. बीम कितीही अरुंद केला तरी उपयोग नाही, कारण दोन्ही वाटा एकाच बीममध्ये आहेत. उपाय बोटीवर आहे आणि स्वस्त आहे: दोन अँटेना लावा, एक दोन मीटरवर आणि दुसरी दीड मीटरवर. दीड मीटरची अँटेना पाच किलोमीटरवर नेमकी सर्वोत्तम जागी येते आणि दहा किलोमीटरवरही बऱ्यापैकी चालते. दोन अँटेनांमधून चांगली निवडणारे रेडिओ बाजारात सहज मिळतात. कड्याची खरी उंची जागेवर मोजा, नकाशावरून घेऊ नका, आणि त्या आकड्यावरून या दोन उंची पुन्हा काढा. पॅनेलचा पत्रा कापायला देण्याआधी हे करता येतं, कारण त्याला एक टेप, एक जीपीएस आणि एक बोट एवढंच लागतं.